पत्र्याआडचा फोन

(दृश्य: केळीचं पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेजचं दार उघडतं)

मे महिना. रावेरच्या शिवारात पारा 45च्या घरात, आणि या दारापलीकडे 13-14 अंश. स्वेटर घातलेला माणूस केळीची खोकी मोजतोय. खिशातला कॉर्डलेस वाजतो. "भाऊ, किती भरले?" तो आतूनच आकडा सांगतो.

मोबाईल इथे मुका होतो. भिंतींच्या पफ पॅनेलला, म्हणजे फोम भरलेल्या तक्त्यांना, दोन्ही बाजूंनी पत्रा, आणि पत्रा रेडिओलहरी अडवतो. म्हणून फोनचा बेस, म्हणजे हँडसेटशी रेडिओने बोलणारा डबा, आतच, छताजवळ बसवलाय. त्याला एकच लॅन केबल. वीज तिच्यातून, बोलणंही तिच्यातूनच.

हँडसेट ते बेस ही वाट डेक्टची, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या रेडिओ पद्धतीची. 1992 साली युरोपात ठरलेलं हे मानक वेळेला फार कडक. दर 10 मिलिसेकंदांत वेळेचे 24 खाने: 12 जाण्याचे, 12 येण्याचे. सावद्याहून दिल्लीला केळी जाते तसं, वॅगन ठरलेली, जागा ठरलेली.

केबलमध्ये मात्र बोलणं इंटरनेटच्या पद्धतीने, पॅकेटांत म्हणजे तुकड्यांत जातं; तिथे ट्रकांचा कारभार. साधारण 20 मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेटं, आणि कुठलं आधी पोचेल याची हमी नाही. बेस ती क्षणभर थोपवतो, क्रमाने लावतो, मग खान्यात सोडतो. कमी थोपवलं तर आवाज तुटतो. जास्त थोपवलं तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात.

डेक्ट आणि इंटरनेटची अशी सांगड आपल्या देशातही घातली गेली. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट ही डेक्टवर चालणारी बिनतारी यंत्रणा उभी केली. गावात फोनही आणि 35 ते 70 केबीपीएसचं (सेकंदाला इतके किलोबिट) इंटरनेटही; त्यातला इंटरनेटचा भार टेलिफोन एक्स्चेंजवर न टाकता बाजूने वळवलेला. हे काम शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: दारातले प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे)

खरी पंचाईत या दारात होते. माणूस बोलत बोलत बाहेर निघाला, की कॉल बाहेरच्या बेसने उचलायचा. त्यासाठी दोन्ही बेसची घड्याळं मायक्रोसेकंदांत जुळलेली हवीत. एरवी एक बेस शेजारच्याचा सिग्नल ऐकून घड्याळ लावतो. इथे मध्ये तोच पत्रा! मग वेळही केबलमधूनच पाठवावी लागते, आणि केबल्स एकमेकींना जोडणारा स्विच साधा असला तर वेळेची पॅकेटंसुद्धा ट्रकांसारखी मागेपुढे पोचतात. म्हणून इथे फोन जोडणाऱ्याने सगळ्यात आधी स्विच बदलला.

पट्ट्या बाजूला सारून तो उन्हात येतो. कानाला फोन तसाच.

"हो भाऊ, गाडी लावा. आलोच."