तक्रारीच्या टेबलामागे बसायचं असेल तर

(धुळ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुला-मुलींनो, इथे येण्यापूर्वी मी तुमच्यातल्या काहींना विचारलं, पदवीनंतर काय करणार? बहुतेकांनी सांगितलं, स्पर्धा परीक्षा. कोणती खुर्ची हवी, असं विचारल्यावर तहसीलदार, फौजदार, बीडीओ अशी उत्तरं आली. तक्रार ऐकणारी खुर्ची कोणीच मागितली नाही. मी सरकारी नोकरीतली बरीच वर्षं त्याच खुर्चीत काढली, म्हणून आज तिच्याबद्दल बोलतो.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. लोकायुक्त म्हणजे मंत्री आणि सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी. त्याचा कायदा आपल्याकडे 1971 साली झाला आणि 1972 मध्ये कार्यालय सुरू झालं. देशात प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारं आपलं पहिलं राज्य. त्या कायद्यात एक फरक केलेला आहे, तो आजच वहीत लिहून घ्या. गाऱ्हाणं वेगळं आणि आरोप वेगळा. कारभारातल्या ढिलाईमुळे माझ्यावर अन्याय झाला, हे गाऱ्हाणं. अमक्याने पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले, हा आरोप. दोघांची चौकशी वेगळी, पुरावा वेगळा, मुदतही वेगळी. समोर येणाऱ्या माणसाच्या अर्जात मात्र दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. ते वेगळं करता येणं हे या कामातलं पहिलं कौशल्य, आणि ते कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मी ते चूक करून शिकलो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका तालुक्यातून एक विधवा बाई अर्ज घेऊन आल्या. अर्ज लिहिणाऱ्याने दोन पानं भरली होती. दीर, भाऊबंद, तलाठी, सगळ्यांचा उद्धार. मधे कुठेतरी एक ओळ होती: पती वारून दोन वर्षं झाली, सातबाऱ्यावर माझं नाव नाही. मी दोन पानं चाळली आणि सगळ्या नव्या कारकुनांना पाठ असतो तोच शेरा मारला, ‘नियमोचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’. कागद तालुक्याला गेला, तालुक्याने मंडळ अधिकाऱ्याकडे धाडला, मंडळ अधिकाऱ्याने त्याच तलाठ्याकडे, ज्याच्याविरुद्ध बाई बोलत होत्या. तिथून उत्तर आलं, कार्यवाही सुरू आहे. मी नस्ती, म्हणजे फाइल, बंद केली. माझ्या तक्त्यात ते प्रकरण ‘निकाली’ दिसत होतं.

आठ महिन्यांनी बाई परत आल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, हाऊ म्हणस तठे जा, तो म्हणस अठे या. मी कोठे जाऊ?”

त्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी मला गावाचं दप्तर मागवायला लावलं. वारसाची नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत होते. मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, नमुना 6 मध्ये. मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी वेळ, आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. बाईंची नोंद 6-क मध्ये होती. फेरफार धरलेलाच नव्हता. अडीच वर्षांहून अधिकचा त्रास एका रजिस्टरपासून दुसऱ्या रजिस्टरपर्यंतच्या अंतरात अडकला होता. तलाठ्याने पैसे मागितल्याचाही आरोप बाईंनी केला होता, तो वेगळा काढून वेगळ्या वाटेने पाठवला. गाऱ्हाणं मात्र तिथेच सुटलं. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच अहवालावर प्रकरण बंद करायचं नाही. आणि अर्ज वाचताना आधी तारीख शोधायची: काम कोणत्या दिवशी, कोणत्या पायरीवर थांबलं?

आता वाटा सांगतो. लोकायुक्त कार्यालयात बसायचं म्हणून वेगळी मोठी परीक्षा आहे, अशा भ्रमात राहू नका. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक कक्ष अधिकारी झालात किंवा महसूल खात्यात आलात, तर तक्रारीचं काम तुमच्या वाट्याला येणारच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जायचं असेल तर वाट पोलीस खात्यातून जाते. तिथले अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात.

ज्यांना आकडे आवडतात, त्यांनी लेखापरीक्षणाचा विचार जरूर करा. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या, खात्यात लेखापरीक्षक होता येतं, सहायक लेखापरीक्षा अधिकारीही होता येतं. दुसऱ्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 47,600 रुपये आहे. आपल्या भागातली मुलं याकडे वळत नाहीत याचं मला वाईट वाटतं. तक्रार येण्याआधीच गफलत पकडणारं हे काम आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांनी सामाजिक अंकेक्षणाकडेही, म्हणजे योजनेचा हिशेब गावासमोर तपासण्याच्या कामाकडेही, बघावं. रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, ग्रामसभेत उघडून वाचायचं, तर भिलोरी, पावरी बोली समजणारा माणूस तिथे हवा.

माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आणि लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदा, हे दोन्ही मूळ मजकुरातून वाचा. गाइडमधून नको. माहितीसाठी 30 दिवस हे सगळ्यांना माहीत असतं. अपील कोणाकडे, किती दिवसांत, हे अर्जदाराला समजावून सांगता आलं पाहिजे.

एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: ‘या खात्यात राहून माणूस कडवट होत नाही का?’ होतो. रोज गाऱ्हाणी ऐकून कान बधिर होतात. शिफारस करावी आणि खात्याने ती महिनोन्महिने दाबून ठेवावी, हेही होतं. 1971 च्या कायद्याप्रमाणे लोकायुक्तांनाही शिफारसच करता येते; ती मानली नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल जातो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. मला तग धरायला त्या सातबाऱ्याची प्रत उपयोगी पडली. बाईंनी ती मला दाखवायला आणली होती, स्वतःच्या नावावर बोट ठेवून. त्यांना वाचता येत नव्हतं. नाव कुठल्या ओळीत आहे, एवढं त्यांनी कोणाला तरी विचारून लक्षात ठेवलं होतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. येत्या लोकशाही दिनाला जा आणि बाहेरच्या बाकावर बसा. शेजारी कोणी अर्ज घेऊन बसलेलं असेल, तर त्यांना विचारा, “काका, वाचून दाखवू का?” आणि वाचता वाचता ती तारीख शोधा.