बॅरिस्टरांची सही

(दृश्य : सावित्रीची खाडी, सकाळ. पुलाखालून एक होडी जाते.)

अलीकडे रायगड जिल्ह्यातलं आंबेत, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातलं म्हाप्रळ, मधे सावित्री. मधल्या काळात हा पूल दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा माणसं आणि गाड्या फेरीबोटीतून ये-जा करत होत्या. पूल असो की बोट, इथल्या कुठल्याही जुन्या माणसाशी दहा मिनिटं बोला, एक नाव निघतंच. तेही पूर्ण नाव नव्हे, नुसतं ‘बॅरिस्टर’.

अब्दुल रहमान अंतुले. जन्म आंबेतचा, ९ फेब्रुवारी १९२९. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाले आणि जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि आजवरचे एकमेव.

हे कसं घडलं, ते पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं. मागे साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, जातीचं गणित नाही. महाराष्ट्रातले मोठमोठे नेते दूर गेले त्या काळात हे इंदिरा गांधींबरोबर राहिले, ही एवढीच पुंजी. कोकणातला माणूस मुख्यमंत्री झाला तो कोकणाच्या बळावर नाही, दिल्लीच्या मर्जीवर. गावात फटाके वाजले तेव्हा हा हिशोब कोणी मांडला नसेल, आणि का मांडावा?

(दृश्य : जुन्या फाइली. शाईच्या पेनाने केलेली सही.)

सही करायला हा माणूस घाबरत नसे. निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना १९८० ची. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच वर्षी, १ मे रोजी, रत्नागिरी तोडून सिंधुदुर्ग वेगळा झाला. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरी गाठावी लागे, तो फेरा चुकला. भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. ती काही आली नाही.

आणि याच सहीने घात केला.

(दृश्य : जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न झालेली जुनी भिंत.)

आज हार्डवेअरच्या दुकानात फोन केला की सिमेंट दारात येतं. तेव्हा ते सरकारी नियंत्रणाखाली होतं, परमिटशिवाय मिळत नसे. कोकणात चिरा खाणीवर मिळायचा, माती घरची, वासे परड्यातले. अडायचं ते गिलाव्याला आणि विहिरीच्या कठड्याला. अर्ज करायचा, कचेरीत हेलपाटे घालायचे, आणि मागितलेल्या गोणी नि मिळालेल्या गोणी यांचा मेळ कधी बसायचा नाही. कोकणातल्या कित्येक घरांच्या मागच्या भिंती उघड्या राहिल्या त्या अशा. पुढचं दर्शनी तेवढं गुळगुळीत.

मुंबईत मात्र बिल्डरांना कोट्याबाहेरचं सिमेंट मिळत होतं. आणि मुख्यमंत्र्यांनी कलावंत-साहित्यिकांच्या मदतीसाठी स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाकडे देणग्यांचा ओघ लागला होता. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. मृणाल गोरे, प्रा. प. बा. सामंत ही मंडळी उच्च न्यायालयात गेली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. अवघे एकोणीस महिने. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. नियतीचा विनोद म्हणायचा, दुसरं काय.

फौजदारी खटला पुढे कित्येक वर्षं चालला. १९८४ आणि १९८८ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अंतुले या नावानेच वाचतात. शिक्षेपर्यंत मात्र प्रकरण कधी पोचलं नाही.

(दृश्य : कोकण रेल्वे, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी.)

‘आता बाई त्यांना दिल्लीला नेतील,’ असा तेव्हा अनेकांचा होरा. बाई म्हणजे इंदिरा गांधी. त्यांनी नेलं नाही. १९८४ मध्ये त्या गेल्या, आणि ज्या मर्जीवर सगळं उभं होतं तीच संपली. दिल्लीची वाट स्वतःच काढावी लागली, तीही कुलाबा लोकसभा मतदारसंघातून. १९८९, १९९१, १९९६, या तिन्ही वेळा लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. घोटाळ्याचा डाग मुंबईच्या पेपरांत होता, श्रीवर्धन-म्हसळ्यात त्याची चर्चा वेगळ्या सुरात चालायची. केंद्रात मंत्रिपद मिळायला १९९५ उजाडलं, नरसिंह राव यांच्या सरकारात आरोग्य खातं. बाबरी पडल्यावर काँग्रेसला मुस्लिम चेहऱ्यांची निकड होती, त्याचा यात वाटा नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. २००६ मध्ये अल्पसंख्याक खातं नव्याने निघालं, त्याचे पहिले मंत्री तेच.

पण खात्याचा मंत्री असणं आणि जिल्हा निर्माण करणं, यात फरक आहे. तो हात दिल्लीत पुन्हा कधी दिसला नाही.

दिसली ती जुनी बेधडक जीभ. डिसेंबर २००८ मध्ये २६/११ च्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी संसदेच्या आवारात शंका काढली आणि देशभर गदारोळ उठला. पुन्हा राजीनामा लिहिला. या वेळी तो स्वीकारला गेला नाही. सरकारने खुलासा केला, त्यांनी तो मान्य केला.

(दृश्य : मतदान केंद्राची पाटी, ‘३२ – रायगड लोकसभा मतदारसंघ’.)

जिल्ह्याचं नाव त्यांनी बदललं होतं, मतदारसंघ मात्र कुलाबाच राहिला होता. २००९ मध्ये फेररचनेनंतर तोही रायगड झाला. त्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीतेंनी बॅरिस्टरांना हरवलं. वय ऐंशी. २ डिसेंबर २०१४ रोजी ते मुंबईत वारले.

(दृश्य : तालुक्याच्या गावातली बँक, रांग. आवाज तसाच ठेवावा.)

निराधारचे पैसे जमा झाले की इथे अशी गर्दी होते. पिशवीत पासबुक, पासबुकात घडी घातलेलं आधार कार्ड. ही आजी मशीनवर अंगठा ठेवते. मशीन घेत नाही, शेतीकामाने रेषा झिजल्यात. मागचा मुलगा म्हणतो, ‘आजी, पुसून ठेव.’ ती पदराला अंगठा पुसते आणि पुन्हा दाबून धरते.