नव्या ट्रकचं ऑइल प्रेशर: काटा किती दिसला म्हणजे ठीक?

(चालक-मालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवी गाडी दारात आली की पहिल्या महिन्यातला एक फोन ठरलेला असतो. ‘सकाळी चालू केली तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा चार बारच्या वर होता. कसारा चढून इगतपुरीला चहाला थांबलो, तर दीडच्या खाली आला. इंजिनात काही लफडं आहे का?’ काही लफडं नाही. जुन्या गाडीत हा प्रश्नच यायचा नाही, कारण निम्म्या गाड्यांचा काटा मेलेला असायचा आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नसायचं. नव्या गाडीत काटा हलतो, वर हप्ता डोक्यावर असतो, त्यामुळे नजर सारखी तिकडे जाते. जाऊ द्या, चांगलं आहे. त्या काट्यात बघायचं काय, ते आज बोलू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. तो क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरून चालतो, म्हणून क्रँक जितक्या वेगाने फिरेल तितकं ऑइल पुढे जातं. पुढे मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅम, रॉकर, टर्बो, सगळीकडे बारीक फटी आहेत. त्या फटींतून निघताना ऑइल अडतं आणि जितकं अडतं तितका काटा चढतो. गाडी धुताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तोच प्रकार.

म्हणजे काट्यावरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. इंजिनाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे किती, ऑइल किती गरम आणि बेअरिंगची फट किती, हे माहीत असेल तरच त्याला अर्थ येतो. ‘माझं प्रेशर दोन आहे, बरोबर का?’ या प्रश्नाला मी उलट विचारतो: कधी? सकाळी की घाट चढून? आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, की पंधराशे आरपीएमवर?

आता ऑइलचं घ्या. आपल्याकडे ट्रकमध्ये सर्रास १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल चालतं. चाळीस अंशाला त्याचा घट्टपणा साधारण ११० सेंटिस्टोक असतो, शंभर अंशाला तेच ऑइल चौदा-पंधरावर येतं. सात-आठ पट पातळ! आणि डिसेंबरात नाशकाला पहाटे गाडी चालू करता तेव्हा ऑइल चाळीस अंशालाही नसतं, त्याहून कितीतरी गार आणि घट्ट असतं. पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा जुळला, तरच मला शंका येईल.

मग सकाळी काटा दहा-बारावर का जात नाही? कारण पंपाजवळ रिलीफ व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बहुतेक ट्रक इंजिनांत चार-पाच बारच्या आसपास तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, सोडतो. हे लक्षात ठेवा, कारण गार इंजिनाला रेस देणारे आपल्यात बरेच आहेत. काटा वर दिसतो म्हणून त्यांना वाटतं, ऑइल सगळीकडे पोचलं. खरं तर त्या वेळी पंपाने ढकललेलं बरंच ऑइल व्हॉल्व्हमधूनच माघारी येत असतं, आणि टर्बोपर्यंत, रॉकरपर्यंत घट्ट ऑइल सावकाश पोचतं. काटा सर्वांत वर असतो तेव्हाच वंगण सर्वांत बेताचं, अशी ती उलटी वेळ आहे.

आता आकडे. कमिन्स कंपनीची बी-सिरीज इंजिनं आपल्या रस्त्यावर भरपूर आहेत. टाटा कमिन्सचा एक कारखाना इथे आपल्या फलटणला आहे. या ५.९ आणि ६.७ लिटर इंजिनांसाठी कंपनीने दिलेलं किमान प्रेशर आयडलला १० पीएसआय आणि रेटेड आरपीएमला ३० पीएसआय आहे. पीएसआय आणि बार ही दोन्ही प्रेशरची मापं, १४.५ पीएसआय म्हणजे एक बार; तेव्हा आयडलला पाऊण बारच्याही किंचित खाली आणि पूर्ण वेगाला दोन बारच्या जरासं वर. एवढं असलं तरी कंपनी म्हणते चालेल. चांगल्या स्थितीतलं इंजिन याच्या बरंच वर असतं: गरम आयडलला दीड-दोन बार, हायवेवर तीन ते चार. पण हे एका घराण्याचे आकडे झाले. तुमच्या इंजिनाचे तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. आपल्याकडे ते पुस्तक आरसी बुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि गाडी विकतानाच बाहेर निघतं, हा भाग वेगळा.

एवढा मोठा क्रँक, वर पंचवीस-तीस टन ओढणारं इंजिन, आणि पाऊण बारवर भागतं कसं? याचं उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाच्या इंजिनिअरला मिळालं, तेही न शोधता. तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना त्याच भोकातून ऑइल वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. तिथे मीटर लावलं, तर २०० पीएसआयपर्यंतची पट्टी ओलांडून काटा पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पीएसआयच्या आसपास होता. फिरणारा दांडा स्वतःच ऑइलला फटीत ओढून घेतो आणि स्वतःला वर उचलतो, हे त्यातून कळलं. त्याचं गणित ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. तुमच्या क्रँकखाली आज तेच चालू आहे. बेअरिंगमधल्या थरात शेकडो बारचं प्रेशर असतं आणि ते क्रँकच्या फिरण्यातून येतं. पंपाचं काम इतकंच, की तिथे ऑइल तुटू द्यायचं नाही. म्हणून आयडलला, भार नसताना, थोड्या प्रेशरवर भागतं. आणि म्हणूनच चढावर भरल्या गाडीत तेवढंच प्रेशर दिसलं, तर गाडी त्याच जागी थांबवायची.

बेअरिंगच्या फटीचं गणित फार निर्दयी आहे. फट दुप्पट झाली, तर तिच्यातून निसटणारं ऑइल दुप्पट नाही, आठपट होतं. नव्या गाडीत फटी नेमक्या असतात म्हणून प्रेशर भक्कम दिसतं. सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरमध्ये पार्ट एकमेकांना बसतात, काटा केसभर खाली येऊन स्थिर होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण स्थिर झालेला आकडा त्यानंतर महिन्या-महिन्याला उतरायला लागला, तर कारण शोधायचं.

बीएस-६ गाड्यांमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, हे कारण बऱ्याचदा डिझेल असतं. सायलेन्सरमधला फिल्टर साफ करायला, म्हणजे ज्याला आपण रीजन म्हणतो त्यासाठी, काही इंजिनं सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल मारतात. त्यातलं थोडं लाइनरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. शहरात रखडत चालणारी, रीजन अर्धवट तोडणारी गाडी असेल, तर ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. मालक खूश, ‘बघा, ऑइल खातच नाही!’ अहो, पातळी वाढणं ही खुशीची गोष्ट नाही. डिपस्टिक नाकाशी धरा, डिझेलचा वास आला तर ऑइल बदला, किलोमीटर भरायची वाट बघू नका.

आता काट्याच्या खरेपणाबद्दल. काटा दिसतो म्हणजे तो मोजतोच, असं नाही. अमेरिकेत फोर्डच्या पिकअपचं उदाहरण प्रसिद्ध आहे: १९९० च्या दशकातल्या गाड्यांत काट्यामागे नुसता स्विच होता. पाच-सहा पीएसआयच्या वर प्रेशर गेलं की काटा थेट मध्यावर, आणि मग तिथेच. सकाळ असो, दुपार असो, मध्यावर. लोक तक्रार करत नव्हते, कारण काटा हलत नव्हता. आपल्या नव्या गाड्यांत बहुतेक सेन्सर असतो, पण त्याचा आकडा ईसीएममधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून गाळून, सावकाश करून डॅशबोर्डवर येतो. काही नव्या इंजिनांत तर पंपच असा आहे, की गरजेपुरतंच ऑइल ढकलतो. तिथे भार बदलला की आरपीएम तोच असूनही प्रेशर बदलतं. अशा गाडीला जुन्या गाडीची फूटपट्टी लावू नका.

मग करायचं काय? गाडी नवी असतानाच तिच्या सवयी लिहून ठेवा. पहाटे चालू केल्यावर, हायवेवर इंजिनाचं पाणी ऐंशी अंशाला असताना, घाट चढून आल्यावर आयडलला, एवढ्या तीन वेळा पुरतात. कसाऱ्यानंतरचा इगतपुरीचा आकडा तर जरूर लिहा. दिवसातला सर्वांत खालचा तोच असणार. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागतो की नाही तेही बघा. तेव्हाच लागत नसेल, तर गरजेच्या वेळी कुठून लागणार?

चालत्या गाडीत आकडा अचानक पडला किंवा लाल दिवा पेटला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, हा विचार करू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद. सपाट जागी असाल तर थोडं थांबून डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असेल, तरी ‘सेन्सर गेला असेल’ म्हणून गाडी चालू करू नका. सेन्सर खरोखर गेलेला असू शकतो, पण ते ठरवायचं मेकॅनिकल मीटरने: सेन्सर काढून त्या जागी नळीचं मीटर लावायचं आणि फक्त तेवढ्यापुरतं इंजिन चालवायचं. आकडा नीट आला तर सेन्सर बदला. कमी आला तर बेअरिंग, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, चेंबरमधली जाळी, या रस्त्याने जावं लागेल.

शेवटी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘आयडलला प्रेशर कमी वाटतं, २०डब्ल्यू-५० टाकू का?’ ते ऑइल जास्त घट्ट, त्यामुळे काटा नक्की वर येईल. पण फट तेवढीच राहील, पहाटे ऑइल टर्बोला आणखी उशिरा पोचेल, आणि बीएस-६ गाडीत कंपनीने सांगितलेला ग्रेड सोडून जास्त राखेचं ऑइल गेलं, तर सायलेन्सरचा फिल्टर लवकर भरेल. डब्यावर सीके-४ ही ऑइलच्या दर्जाची खूण लिहिलीय का ते बघा, कंपनीचा ग्रेड पाळा आणि आधी नळीचं मीटर लावून घ्या. ते मीटर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं.