रजिस्टरमध्ये हेल्परची सही कुठे आहे?

आज बोलायचंय ते बांधकामावरच्या वेल्डिंगच्या सुरक्षेबद्दल आणि वेल्डरच्या हेल्परच्या प्रशिक्षणाबद्दल. समोर बहुतेक फॅब्रिकेशनचे ठेकेदार आणि सुपरवायझर बसलेत, म्हणून कायद्याची कलमं वाचून दाखवत नाही. एकच आकडा सांगतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत पाचशे कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी लागायचा. कामाच्या जागच्या सुरक्षेबद्दलच्या २०२० च्या संहितेनं तो आकडा २५० वर आणला. चांगलंच झालं. पण तुमच्यापैकी कितीजणांकडे २५० माणसं असतात? बारा-पंधरा. म्हणजे तिथले सुरक्षा अधिकारी तुम्हीच.

आयटीआयचा वर्षभराचा कोर्स केलेला पोरगा वेल्ड सुरेख मारतो. पण तो शिकलाय शेडमध्ये, टेबलावर. तुमच्याकडे तो परांचीवर उकिडवा बसतो आणि खाली प्लायवूड, थर्मोकोल, थिनरचे डबे. ठिणगी पडली तिथेच विझते असं नाही. डक्टमधून दोन मजले खाली उतरते. आजूबाजूच्या पस्तीस फुटांत जळणारं काही नको, असतंच तर झाका, हा ठोकताळा त्यासाठीच आहे. २१ जानेवारी २०२१ ला पुण्याजवळ मांजरीत काम चालू असलेल्या इमारतीच्या आगीत पाच जण गेले. वेल्डिंगची ठिणगी आणि पेट घेणारं इन्सुलेशन, असा प्राथमिक अंदाज तेव्हा सांगितला गेला होता.

आता ठिणगीवर नजर ठेवायची कोणी? वेल्डर काळ्या काचेआड असतो. दहा-अकरा नंबरच्या काचेतून त्याला आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, सोडून फारसं काही दिसत नाही. बघू शकतो तो हेल्पर. काम संपल्यावरही निदान अर्धा तास, वाळूची बादली घेऊन, त्यानंच थांबायचं असतं. आणि नेमकं त्याचंच नाव प्रशिक्षणाच्या रजिस्टरमध्ये नसतं.

मी स्वतः हेल्पर म्हणूनच लागलो. पहिल्याच आठवड्यात वेल्ड चालू असताना लोखंडी अँगल धरायला उभं केलं. "तोंड तिकडं फिरव," एवढंच माझं प्रशिक्षण. दिवसभर काही वाटलं नाही. रात्री दोनला डोळ्यांत तिखट पडल्यागत जाग आली. आर्कच्या उजेडाचा परिणाम. खोलीतल्या पोरांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. (गार वाटतं, एवढंच. डॉक्टरकडे जा.) त्यामुळे अँगल धरणाऱ्यालाही काच द्या. धुराचंही तेच. कर्करोगावरच्या जागतिक संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर थेट कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. हा धूर हेल्परही ओढतोच की.

शॉकबद्दल मात्र जरा थांबून बोलतो. वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचे ऐंशी व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं समजणारे खूप. पावसाळ्यात, घामानं भिजलेले हातमोजे घालून सळयांच्या जाळीवर बसलेल्या माणसाला तेवढे पुरतात. त्यात अर्थिंगची केबल जॉबपर्यंत, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यापर्यंत, न नेता लांबच कुठल्या तरी सळईला अडकवलेली.

मागे एका साइटवर वर्ग घ्यायला गेलो होतो. झारखंडचा एक मुलगा होता, म्हणून हिंदीत विचारलं, शॉक लागून वेल्डर होल्डरला (कांडी धरायच्या चिमट्याला) चिकटला तर काय करशील? "पकडके खींचूँगा, साहब." म्हटलं, हात लावायचा नाही, आधी स्विच बंद. तो म्हणाला, स्विच कुठे आहे? मी सुपरवायझरकडे पाहिलं. मशीन आणि बोर्ड दोन्ही तीन मजले खाली, केबल जिन्यातून वर आणलेली.

वर्ग तिथेच थांबवला. आधी मशीन आणि बोर्ड वर आणून घेतला, हेल्परकडून तो पाचदा बंद-चालू करून घेतला, मग बाकीचं शिकवलं.