ताज्या माशातला पारा

(दृश्य: बर्फावर ओळीनं मांडलेले मासे)

कल्ले लालभडक, डोळे चकचकीत. बोटानं दाबलं की मांस लगेच वर येतं. मासा ताजा आहे, यात शंका नाही. पण त्यात पारा किती, हे यावरून कळत नाही. त्याला वास नाही, चव नाही.

कोळशाचा धूर, सोन्याच्या खाणी, कारखान्यांचं सांडपाणी यांतून पारा समुद्रात उतरतो. तिथले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं अंगात साठणारं विषारी रूप, करतात. ते सूक्ष्म जिवांतून तारलीत जातं, तारलीतून ट्यूनात. अंगात गेलेलं लवकर बाहेर पडत नाही, म्हणून मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका साठा जास्त.

धुऊन, कातडी सोलून, तळून ते जात नाही. मांसातल्या प्रथिनांनाच ते चिकटलेलं असतं. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचं तसं नाही. ते मुख्यतः खेकडा, माकूळ यांच्या पोटातल्या अवयवांत साठतं, तेवढा भाग काढून टाकता येतो.

आता एक हिशेब बघा. 2003 साली ठरलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा सांगते, की आठवड्याला किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी, त्याहून जास्त नको. म्हणजे 60 किलो वजनाच्या बाईला 96. युरोपीय संघात शार्कच्या मांसात किलोला 1 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 1000 मायक्रोग्रॅमपर्यंत, पारा चालतो. तसा तुकडा 100 ग्रॅम खाल्ला, की जवळपास 100 मायक्रोग्रॅम पोटात. कायद्यात बसणारा मासा, आणि एका जेवणात आठवडा संपला!

म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी शार्क, तलवारमासा टाळावा. मासे मात्र सोडू नयेत. बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल त्यांत आहे. तारली, मांदेलीसारखे छोटे मासे आलटून पालटून खावेत.

(दृश्य: शांत खाडी)

मिनामाता, जपान. 1956. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली, मग माणसांचे हात थरथरू लागले. एका रासायनिक कारखान्याचा पारा खाडीतल्या माशांतून ताटात आला होता. कित्येक आयांना फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं मेंदूला इजा होऊन जन्मली. गर्भाशयातली वार हा पारा अडवत नाही.

ज्यातून हा पारा सुटत होता, ती प्रक्रिया कारखान्यानं 1968 साली थांबवली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं निघालं, ते 1997 साली.