गाडी खाली आणणारी लोअरिंग स्प्रिंग टाकली, मग गाडी बसत का नाही?

(दृश्य: पुढच्या डाव्या चाकाची कमान, त्यावर पांढरी टेप)

टेपवर मार्करने लिहिलंय 381. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचं हे अंतर, मिलिमीटरमध्ये. उजवीकडे 378. जुन्या स्प्रिंगा अजून गाडीतच आहेत, एकही नट सुटलेला नाही, तेव्हाची ही मापं. नव्याकोऱ्या गाडीतही डाव्या-उजव्यात दोन-चार मिलिमीटरचा फरक सापडतो, त्यात विशेष काही नाही. पण तो आधी लिहून ठेवला नाही, तर नंतर सगळं खापर नव्या स्प्रिंगवर फुटतं.

माप जमिनीपासून घेतलेलं नाही. तसं घेतलं की टायरमधली हवा आणि टायरची झीज दोन्ही आकड्यात शिरतात. चाकाच्या मध्यापासून वर मोजलं, की उरतं ते फक्त सस्पेन्शन. फरशी सपाट, हवा ठरल्याप्रमाणे, डिकी रिकामी, स्टिअरिंग सरळ. नंतरचं प्रत्येक माप याच अवस्थेत घ्यायचं.

(दृश्य: बाकावर दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी)

डावीकडे मूळची, उजवीकडे नवी. नव्या स्प्रिंगच्या खोक्यावर लिहिलंय, गाडी 30 मिलिमीटर खाली येईल. बाकावर मात्र दोघींच्या उंचीत 50 मिलिमीटरचा फरक दिसतो. छपाईची चूक नाही ही.

समजा, या कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर गाडीचं 300 किलो वजन येतं. जुनी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला 25 न्यूटन लागत असतील, तर त्या वजनाखाली ती साधारण 118 मिलिमीटर दबते. नवी कडक आहे. तिला एका मिलिमीटरला 30 न्यूटन लागत असतील, तर ती 98 वरच थांबते. म्हणजे दोघींची लांबी सारखी असती, तर नव्या स्प्रिंगने गाडी उलट 20 मिलिमीटर वर उचलली असती. ते 20 आधी वजा करायचे, मग 30 खाली उतरायचं. झाले 50.

याच गणितात आणखी एक गोम आहे. त्याच मॉडेलमध्ये हलकं इंजिन असेल आणि या कोपऱ्यावर 30 किलो कमी येत असतील, तर हीच स्प्रिंग जवळपास 10 मिलिमीटर उंच बसेल. स्प्रिंगचा पार्ट नंबर नुसत्या गाडीच्या नावावरून घेऊ नये, इंजिन बघून घ्यावा. "कंपनीने सांगितलं तेवढी गाडी खाली आलीच नाही" अशी तक्रार ऐकली, की मी आधी हेच विचारतो.

आणि ग्राइंडरने जुन्या स्प्रिंगचं वेटोळं कापून गाडी खाली आणणारे? कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. जॅकवर चाक लोंबलं, की आखूड झालेली स्प्रिंग जागा सोडू शकते. त्या उद्योगाला या फिल्ममध्ये जागा नाही.

(दृश्य: स्प्रिंग कॉम्प्रेसर, जवळून)

स्प्रिंग दाबून धरणारं हे हत्यार. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे. एक बाजू पुढे गेली तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. स्प्रिंग अडवून धरणाऱ्या वरच्या नटला पाना लावण्याआधी स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली जाते. सैल फिरली, म्हणजे बैठकीवरचा ताण गेला. तोपर्यंत त्या नटला हात लावायचा नाही.

नवी बसताना पाहा. तारेचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेला टेकलंय. छापलेली अक्षरं सुलटी वाचता येतायत. वरचं रबर जागेवर आहे. टोक खाचेऐवजी वर चढून बसलं, तर तेवढ्यानेच तो कोपरा उंच राहतो, आणि माणूस दिवसभर दुसरीकडे चूक शोधत बसतो.

(दृश्य: जॅक खाली येतो, टेपवर नवे आकडे)

डावीकडे 362, उजवीकडे 357. हवे होते 351 आणि 348.

इथे लोक फोटो काढतात आणि म्हणतात, चालवली की बसेल. थोडी बसते, हे खरं. स्प्रिंगच्या खालची-वरची रबरं दबतात, काही मिलिमीटर जातात. पण समोर दिसतोय तो सगळा फरक स्प्रिंगचा नाही.

पहिलं कारण साधं आहे. जॅकवर असताना दोन्ही चाकं थोडी आत ओढली गेली होती. गाडी खाली ठेवली, टायर फरशीला चिकटले आणि बाहेर सरकलेच नाहीत. गाडी दोन-तीन मीटर मागेपुढे ढकलली, बॉनेटवर चार वेळा दाब दिला. आता 359 आणि 355.

(दृश्य: गाडीखालून, लोअर आर्मचा आतला बोल्ट)

दुसरं कारण इथे आहे, आणि ही फिल्म खरं तर याच बोल्टसाठी केली. लोअर आर्म, म्हणजे चाकाला धरणारा खालचा दांडा, जिथे चेसिसला जोडलाय, तिथला हा रबरी बुश. मध्ये लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, आणि दोन्हींना कायमचं चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो बिजागरीसारखा फिरून नाही, रबराला पीळ देऊन.

हा बोल्ट आवळला होता जुन्या उंचीवर. गाडी खाली आली, आर्मचा कोन बदलला आणि रबर पिळवटलं. आता ते आर्मला सतत जुन्या कोनाकडे ढकलतंय. म्हणजे एक जास्तीची स्प्रिंगच, कुठल्याच खोक्यावर न लिहिलेली. चाक हवेत लोंबत असताना हा बोल्ट आवळला, तर पीळ आणखी वाढतो. गाडी उंच राहते आणि बुश त्याच्या वेळेआधी फाटतो.

(दृश्य: चारही चाकं रॅम्पवर)

इलाज सोपा, फक्त कंटाळवाणा. गाडी चारही चाकांवर उभी, वजन सगळं चाकांवर, मागेपुढे अडथळे लावलेले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. आतले बोल्ट ढिले केले, काढले नाहीत. गाडी वरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रबराने आपला नवा मध्य पकडला. मग टॉर्क पाना, आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच जोर. मागची दोन्ही चाकं धरणारा जो बीम, त्याच्या पुढच्या टोकाला असेच दोन बुश आहेत, तीच त्याची बिजागरी. तिथेही हेच.

डावीकडे 353, उजवीकडे 349. उरलेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर फरक मी सोडून देतो. डोळ्यांना तो दिसत नाही.

(दृश्य: मागची स्प्रिंग, हातात रबरी पॅड)

मागची बाजू मात्र जरा जास्तच खाली गेली. अशा स्प्रिंगवर फिरवायला चकती नसते. ती सोय कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीत. इथे एकच मार्ग, स्प्रिंगखालचं रबर जाड करायचं. हा पॅड 5 मिलिमीटरने जाड आहे, पण गाडी त्याहून जास्त उचलली जाईल, कारण स्प्रिंग चाकाच्या रेषेत नाही, बिजागरीच्या बाजूला आहे. बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या चार-पंचमांशावर ती असेल, तर चाकाशी 5 चे सव्वासहा होतात.

पॅड दोन्ही बाजूंना सारखेच घातले. नुसता एक कोपरा उचलणं म्हणजे खाटेच्या एका पायाखाली चकती सारणं. त्या पायावर आणि तिरप्या समोरच्या पायावर भार वाढतो, बाकीच्या दोघांवरचा कमी होतो. कमानी सारख्या दिसतील, पण ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

(दृश्य: गाडी बाजूने, पूर्ण)

उंची कायम झाली, की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन लावणं. आधी करून उपयोग नाही, कारण उंचीबरोबर टो (वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) दोन्ही सरकतात. हेडलाइटचा कोनही बघून घ्यावा. बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारं रबर, जवळ आलाय, भरल्या गाडीत खड्डा जाणवणारच. आपल्याकडे असा बदल चालतो का, हे नोंदणी कार्यालयाला आणि विमावाल्यांना आधी विचारावं. काही जुन्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आली की त्याला वाटतं मागे माल भरलाय, आणि तो मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. त्या दांडीची लांबी पुन्हा लावून घ्यावी लागते, आणि ते काम पहिल्या फेरीच्या आधीचं आहे.