बॅलटवरचा शाळेचा बाँड आणि आपलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल

नमस्कार मंडळी! कॅलिफोर्नियातल्या 880 फ्रीवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर बरंच झालं, निवांत ऐका. आजचा विषय तसा रुक्ष आहे पण स्टेशन बदलू नका, कारण पैसे तुमच्याच खिशातून जाणारेत.

बॅलट, म्हणजे मतपत्रिका, घरी आली की आपण वरची मोठी नावं बघतो, आणि पार खाली कुठेतरी एक मेजर, म्हणजे मतदारांनी ठरवायचा स्थानिक प्रस्ताव, असतं, शाळांच्या इमारतींसाठी इतके कोटी डॉलरचे बाँड काढायचे का? बाँड्स येस की बाँड्स नो. बरेच जण "शाळेसाठीच आहे ना" म्हणून येस करून मोकळे होतात, नाहीतर "परत टॅक्स?" म्हणून नो. मला दोन्हीचा राग येतो, खरं सांगते.

शाळांना गरज आहे यात वाद नाही. माझी मुलगी दोन वर्षं पोर्टेबलमध्ये शिकली. पोर्टेबल म्हणजे तो डबा हो, तात्पुरता म्हणून आणून ठेवलेला आणि मग कायमचा तिथेच राहिलेला. रॅम्पवरून मुलं पळाली की ढबढब आवाज यायचा, आणि पाऊस आला की छतावर इतका ताशा वाजायचा की टीचर शिकवायचं थांबवून गप्प वाचायला लावायच्या.

मग स्टेट पैसे का देत नाही? देतं की. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 2, म्हणजे राज्यभरच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव, पास झालं, 10 अब्ज डॉलरच्या बाँडचं. पण स्टेट साधारणपणे नव्या बांधकामाचा निम्मा आणि दुरुस्तीचा 60 टक्के खर्च उचलतं, बाकीचे स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने, आणायचे. ते कुठून आणणार? लोकल बाँडमधून. म्हणजे ज्या गावाचा बाँड पास होतो त्यालाच स्टेटचे पैसे मिळायची शक्यता जास्त, असा सगळा मामला आहे.

आणि बाँड म्हणजे कर्ज हं, देणगी नाही. आपल्या गावाकडे शाळेला लोकवर्गणी काढायचे तेव्हा ज्याला जमेल तो देणार, एकदा दिले की संपलं. इथे 25-30 वर्षं व्याजासकट फेडायचं, आणि ते येतं प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर, बेसिक 1 टक्क्याच्या खाली वेगळ्या ओळीत. पूर्वी असा बाँड पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागायची, 2000 च्या प्रपोझिशन 39 पासून 55 टक्के पुरतात. त्याच्या बदल्यात अटी घातल्या, कामांची यादी आधी जाहीर करा, पगारावर पैसा घालू नका, दरवर्षी ऑडिट करा, नागरिकांची ओव्हरसाइट कमिटी नेमा. आणि युनिफाइड डिस्ट्रिक्ट (पहिलीपासून बारावीपर्यंतच्या शाळा एकत्र असलेलं) असेल तर एका बाँडचा अंदाजे टॅक्स 1 लाख डॉलरच्या असेस्ड व्हॅल्यूला, म्हणजे टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीला, वर्षाला 60 डॉलरच्या वर नको.

असेस्ड व्हॅल्यू! इथेच तर खरी गोम आहे. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे घर विकलं जाईपर्यंत असेस्ड व्हॅल्यू वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही (नवीन बांधकाम केलं तर गोष्ट वेगळी). त्यामुळे समजा तुम्ही आत्ता 15 लाख डॉलरला घर घेतलंत, तर 60 च्या दराने वर्षाला 900 डॉलर, आणि शेजारच्या आजोबांचं जुनं घर कागदावर 2 लाखाचं असेल तर त्यांना 120. घर तसंच, गल्ली तीच. नव्याने आलेल्यांवर जास्त बोजा, आणि आपली मराठी मंडळी बहुतेक नव्यानेच आलेली. त्यात कितीतरी जण एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर, टॅक्स भरायचा पण मत नाही. मी त्यातलीच एक.

आता म्हणाल नो करायचं का? नाही हो, आधी वाचा. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने 2011 साली 10.5 कोटी डॉलर उचलले, पहिली 20 वर्षं एक पैसा फेडायचा नाही असे बाँड काढून, आणि फेड किती होती? जवळजवळ 98 कोटी! बोंबाबोंब झाल्यावर 2013 मध्ये कायदा आला, अशा बाँडची फेड मुद्दलाच्या चौपटीच्या वर नको म्हणून. चौपट पण काही कमी नाही, पण असो.

तर व्होटर गाइडमध्ये टॅक्स रेट स्टेटमेंट नावाचं पान असतं, त्यात व्याजासकट एकूण फेडीचा अंदाज दिलेला असतो. मेजरच्या नावात मोठ्या अक्षरात जो आकडा असतो ना, तो फक्त मुद्दलाचा. कामांची यादीही बघा, तुमच्या मुलांच्या शाळेचं नाव आहे का, की नुसतं "आधुनिक वर्गखोल्या" असं गुळमुळीत लिहिलंय. आणि मत नसलं तरी स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये उठून बोलता येतं, तिथे पासपोर्ट कोणी विचारत नाही.

आमच्याकडे यंदा लेकीचं पहिलं मतदान. तीच ती, पोर्टेबलवाली. काल रात्री पोहे खात खात ते पान वाचत बसली होती, कॅल्क्युलेटर काढून. बॅलट अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली कोरंच आहे, आणि मी काही विचारत नाहीये.